टीव्ही चार-पाच मिनिटांत बंद पडतो: व्हीलॅनमधल्या मल्टिकास्टचं जुनं दुखणं

"लाईट इली, टीव्ही इलो, नि पाच मिनिटांत परत गेलो."

पावसाळ्यात मालवण-तारकर्लीकडच्या रिसॉर्टमधून येणारी ही तक्रार नेटवर्कचं काम करणाऱ्याच्या कानाला सवयीची असते. गुहागर-दापोलीकडे शब्द बदलतात, दुखणं तेच. खोल्यांमध्ये डिशच्या वायरी ओढण्याऐवजी ऑफिसात एक हेडएंड बसवलेलं असतं. ते चॅनेल नेटवर्कवर मल्टिकास्टने (एकच स्ट्रीम, मागेल त्या सगळ्यांसाठी) सोडतं आणि प्रत्येक कॉटेजमधला बॉक्स हवा तो चॅनेल उचलतो. काम झालं त्या दिवशी सगळं झकास चालतं. मग कोणीतरी टीव्ही, कॅमेरे, ऑफिस आणि पाहुण्यांचं वायफाय यांचे वेगवेगळे व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेली वेगळी नेटवर्कं) करतं आणि हे सुरू होतं. स्विच बंद-चालू केला की परत पाच मिनिटं बरं.

तक्रार करणाऱ्या रिसॉर्टच्या मॅनेजरने एका वाक्यात अर्धं निदान करून दिलेलं असतं. "पाच मिनिटांत" हा शब्द सोडू नका. टीव्ही कधी लागलाच नाही, लागून चार-साडेचार मिनिटांनी गेला, की एकाच खोलीत अधूनमधून जातो, यावर पुढे कुठे शोधायचं ते ठरतं. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. बॉक्स बंद-चालू करा, चित्र आलं की घड्याळ सुरू करा आणि रिमोटला हात लावू नका.

घड्याळ ४ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास थांबलं, तर दोष जवळपास नक्की कळला: त्या व्हीलॅनमध्ये क्वेरिअर नाही.

हा आकडा आयजीएमपीच्या, म्हणजे मल्टिकास्ट मागण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, हिशेबातून येतो. बॉक्सवर चॅनेल लावला की तो "मला २३९.१०.१०.५ हवाय" असा रिपोर्ट पाठवतो. स्विचवर स्नूपिंग चालू असेल तर स्विच हा रिपोर्ट चोरून ऐकतो, त्या पोर्टपुढे ग्रुपची (म्हणजे चॅनेलच्या त्या पत्त्याची) नोंद करतो आणि तेवढ्याच पोर्टवर ती स्ट्रीम सोडतो. पण ही नोंद कायमची नसते. १९९७ साली आलेल्या आयजीएमपी आवृत्ती २ च्या ठरलेल्या आकड्यांप्रमाणे दर १२५ सेकंदांनी कोणीतरी "अजून कोण बघतंय?" असं विचारायचं असतं आणि बघणाऱ्याने १० सेकंदांच्या आत उत्तर द्यायचं असतं. दोन फेऱ्या आणि वर उत्तराची मुदत मिळून २६० सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर स्विच नोंद पुसतो. विचारणारा जो, तो क्वेरिअर. तोच नसेल तर बॉक्स पुन्हा बोलायला जात नाही, कारण त्याला कोणी विचारलेलंच नसतं. हजेरी घ्यायला मास्तर येत नाहीत आणि नाव मात्र गैरहजर म्हणून कटतं, तसला प्रकार.

आधी चालत होतं ते का? सगळं एकाच नेटवर्कमध्ये होतं तेव्हा राउटर किंवा कोअर (मधला मुख्य) स्विच त्या एका नेटवर्कपुरता विचारत होता. क्वेरिअर हा व्हीलॅनगणिक लागतो. टीव्हीचा नवा व्हीलॅन केला, त्यात विचारणारं कोणी ठेवलं नाही. स्नूपिंग मात्र बऱ्याच स्विचवर कंपनीतून येतानाच चालू असतं.

शिवाय एक गोष्ट गोंधळात टाकते. ज्या ग्रुपची नोंदच नाही अशा मल्टिकास्टचं काय करायचं, हे प्रत्येक स्विच आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवतो. काही तो सगळ्या पोर्टवर सोडतात, काही अडवतात. त्यामुळे तीच चूक एका रिसॉर्टमध्ये काळा पडदा दाखवते, तर शेजारच्या रिसॉर्टमध्ये टीव्ही सुरळीत चालतो आणि वायफाय रडतं. दोन्हीकडचं औषध एकच.

खात्री करायची तर टीव्हीचा एक पोर्ट मिरर करून (त्यावरची पाकिटं दुसऱ्या पोर्टवरही उतरवून) लॅपटॉपवर वायरशार्क हे पाकिटं वाचणारं सॉफ्टवेअर लावा आणि फिल्टरमध्ये आयजीएमपी टाका. निरोगी नेटवर्कमध्ये दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ कडे एक क्वेरी जाताना दिसते आणि तिच्यामागोमाग बॉक्सचे रिपोर्ट येतात. आजारी नेटवर्कमध्ये चॅनेल लावताना बॉक्सचा एखाद-दुसरा रिपोर्ट दिसतो आणि मग काहीच नाही. स्ट्रीमची पाकिटं धो-धो येत असतात, पण आयजीएमपीची ओळ पुढे सरकत नाही. चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास ती पाकिटंही थांबतात. मॅनेजरला शेजारी बसवून हे एकदा दाखवा. "केबल बदलून बघूया का?" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

लॅपटॉप नसेल तर रिमोट आहेच. चित्र गेल्यावर दुसऱ्या चॅनेलवर जाऊन परत या. चित्र आलं आणि तेवढ्याच वेळाने गेलं, तर तेच. चॅनेल बदलला की बॉक्स नवा रिपोर्ट पाठवतो, म्हणून. बऱ्याच ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलांना हा उपाय तोंडपाठ असतो आणि ते पाहुण्यांना तो बिनदिक्कत सांगतात.

यावर सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय म्हणजे स्नूपिंग बंद करणं. चित्र येतं, बिल निघतं, माणूस घाट चढून घरी जातो. पण मग प्रत्येक चॅनेल त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर वाहू लागतो. हेडएंड सतत ४० एचडी चॅनेल सोडत असेल आणि एकाला ६ एमबीपीएस धरले, तर २४० एमबीपीएस झाले. बॉक्सचा पोर्ट अनेकदा १०० एमबीपीएसचाच असतो. लांबच्या कॉटेजला वाडीतून फायबर नेऊन दोन्ही टोकांना स्वस्तातले १०० एमबीपीएसचे मीडिया कन्व्हर्टर लावलेले असतील तर ती वाट आधी तुंबते, आणि तिच्यावरून जाणारे कॅमेरेही अडखळतात. चार चॅनेल असतील तर हा उपाय खपून जातो. चाळीस असतील तर मला तो मान्य नाही.

खरा उपाय लहान आहे. टीव्हीच्या व्हीलॅनमध्ये क्वेरिअर चालू करा, आणि तो कोअर स्विचवरच करा. लेअर-२ (राउटिंग न करणारा) स्विच असेल तर स्नूपिंगच्या पानावर "आयजीएमपी क्वेरिअर" असा पर्याय असतो. तिथे व्हीलॅन निवडा आणि क्वेरिअरला त्याच सबनेटमधला, म्हणजे त्या व्हीलॅनच्या पत्त्यांच्या पट्ट्यातला, आयपी पत्ता द्या. पत्ता न देता चालू केला तर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून क्वेरी पाठवतात आणि काही उपकरणं अशा क्वेरीकडे ढुंकूनही बघत नाहीत. आवृत्ती २ ठेवा. आवृत्ती ३ चे रिपोर्ट २२४.०.०.२२ कडे जातात आणि जुन्या स्विचला ते वाचता येत नाहीत. क्वेरिअर आवृत्ती २ मध्ये बोलू लागला की बॉक्सही त्याच आवृत्तीत उत्तर देतात.

एका व्हीलॅनमध्ये दोन क्वेरिअर असले तर ज्याचा आयपी पत्ता लहान तो जिंकतो. इथे गंमत होते. कोअर स्विचला १०.३०.०.२५४ दिलेला असतो, लांबच्या कॉटेजमधल्या स्विचवर क्वेरिअर चुकून चालू राहिलेला असतो आणि त्याचा पत्ता १०.३०.०.२. मग अख्ख्या रिसॉर्टची हजेरी तो कोपऱ्यातला स्विच घेत बसतो. त्या कॉटेजचा इन्व्हर्टर उतरला की कोअर २५५ सेकंद वाट बघतो आणि मग स्वतः विचारू लागतो. मधल्या काळात काही टीव्ही क्षणभर जातात, काही जात नाहीत, आणि कारण कोणालाच सापडत नाही. कोअरला सबनेटमधला सगळ्यात लहान पत्ता द्या, बाकी स्विचवरचा क्वेरिअर बंद करा, विषय संपला.

आता स्टॉपवॉच सुरूच झालं नाही, म्हणजे चित्र एकदाही आलं नाही, तर मामला वेगळा. बहुतेक वेळा हेडएंड एका व्हीलॅनमध्ये आणि टीव्ही दुसऱ्यात असतात. स्नूपिंग कितीही नीट लावलं तरी ते मल्टिकास्टला व्हीलॅनची वेस ओलांडू देत नाही. त्यासाठी राउटिंग लागतं.

त्यात पडण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: ओलांडायची खरंच गरज आहे का? वीस-पंचवीस खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये चॅनेल फक्त टीव्हीच बघतात. हेडएंडला बहुधा दोन पोर्ट असतात, एक सेटिंगसाठी, एक स्ट्रीमसाठी. स्ट्रीमचा पोर्ट सरळ टीव्हीच्या व्हीलॅनमध्ये टाका आणि सेटिंगचा ऑफिसच्या. काम झालं. पीआयएम (मल्टिकास्टच्या राउटिंगची पद्धत) लावून हुशारी दाखवण्याचा मोह आवरा. काही स्विचवर त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला ते समजेलच असं नाही. लेअर-३ (राउटिंग करणारा) स्विच नाही, पण स्ट्रीम तीन-चार व्हीलॅनमध्ये द्यायची आहे, अशा ठिकाणी एमव्हीआर ही सोय असलेला स्विच मिळाला तर बघा. त्यात स्ट्रीमसाठी एकच सामाईक व्हीलॅन असतो आणि बाकी व्हीलॅनमधले पोर्ट त्यातून हवी ती स्ट्रीम घेतात.

गरज असेलच, समजा रेस्टॉरंट, ऑफिस आणि खोल्या असे वेगळे व्हीलॅन आहेत आणि सगळ्यांना बघायचं आहे, तर लेअर-३ स्विचवर आधी मल्टिकास्ट राउटिंग चालू करा. मग पीआयएम स्पार्स मोड प्रत्येक संबंधित व्हीलॅनच्या इंटरफेसवर लावा. लोक तो टीव्हीच्या बाजूला लावतात आणि हेडएंडच्या बाजूला विसरतात. दोन्हीकडे हवा. स्पार्स मोडला भेटीची एक जागा लागते, तिला आरपी म्हणतात. एकच लेअर-३ स्विच असेल तर त्यावर एक लूपबॅक (कोणत्याही पोर्टला न बांधलेला) पत्ता द्या, त्यावरही पीआयएम लावा आणि तोच आरपी म्हणून नोंदवा. दोन-तीन लेअर-३ स्विच असतील तर सगळ्यांना तोच एक आरपी सांगा. व्हीलॅनच्या इंटरफेसवर पीआयएम लागला की तो स्विच त्या व्हीलॅनचा क्वेरिअरही होतो, त्यामुळे तिथे स्नूपिंगचा वेगळा क्वेरिअर नको. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन पीआयएमशिवाय असेल आणि कॅमेरे मल्टिकास्ट करत असतील, तर तिथे मात्र तो लागतोच.

एवढं करूनही चित्र नसेल तर कोअरवर मल्टिकास्ट राउटचं टेबल काढा. प्रत्येक ग्रुपच्या दोन प्रकारच्या नोंदी असतात: स्टार-कॉमा-जी आणि एस-कॉमा-जी. पहिली सांगते की कोणीतरी हा ग्रुप मागितला आहे. दुसरी सांगते की अमुक पत्त्यावरून तो येतो आहे. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर टीव्हीच्या बाजूला वेळ घालवू नका, घोटाळा हेडएंडकडे आहे. दुसरी आहे पण बाहेर जाणाऱ्या इंटरफेसच्या जागी "नल" लिहिलंय, तर मागणी कोअरपर्यंत पोचत नाही. मग वाटेतल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) त्या व्हीलॅनला परवानगी आहे का ते बघा. नवा व्हीलॅन ट्रंकच्या यादीत घालायचं राहणं हे फार सर्रास घडतं.

हेडएंडकडचे घोटाळे मुख्यतः दोन. पहिला टीटीएलचा, म्हणजे पाकिटाला किती उड्या मारता येतील त्या आकड्याचा. बरेच एन्कोडर आणि हेडएंड मल्टिकास्ट पाकिटांवर टीटीएल १ ठेवून पाठवतात. राउटर प्रत्येक पाकिटाचा टीटीएल एकने कमी करतो, म्हणजे पहिल्याच उडीत शून्य. त्याच व्हीलॅनमध्ये लॅपटॉप लावून बघितलं तर चित्र सुंदर दिसतं, म्हणून माणूस हेडएंडला निर्दोष सोडतो आणि दिवसभर स्विच उकरत बसतो. वायरशार्कमध्ये एका पाकिटावर टिचकी मारून "टाइम टू लिव्ह" वाचा. १ असेल तर हेडएंडच्या आउटपुट सेटिंगमध्ये तो १६ किंवा ३२ करा. काही लेअर-३ स्विचवर असली मेलेली पाकिटं सीपीयूकडे जातात. चित्र येत नाही आणि स्विचही मंदावतो, तेव्हा आधी हेच तपासा.

दुसरा पत्त्याचा. स्ट्रीमच्या पोर्टला कंपनीतून आलेला १९२.१६८ वाला पत्ता तसाच राहतो आणि व्हीलॅनचं सबनेट असतं १०.२०.०.०. एका व्हीलॅनच्या आत मल्टिकास्टला याचं सोयरसुतक नसतं, चित्र दिसतं. पण राउटर प्रत्येक स्ट्रीमबद्दल विचारतो: या पत्त्याकडे जायचा माझा रस्ता याच इंटरफेसवरून आहे का? नसेल तर तो ती टाकून देतो. याला आरपीएफ तपासणी म्हणतात आणि ती बंद करायच्या फंदात पडू नका. हेडएंडला योग्य सबनेटमधला पत्ता आणि गेटवे द्या.

परत लाईटकडे. जून लागला की आपल्याकडे वीज किती वेळा जाते-येते हे सांगायला नको. "नीट केलं होतं, लाईट गेल्यावर पुन्हा तेच" या तक्रारीमागे बहुतेक वेळा सेव्ह न केलेलं सेटिंग असतं. वेब पानावर बदल केला, "अप्लाय" दाबलं, चित्र आलं. पण बऱ्याच स्विचवर अप्लाय म्हणजे फक्त चालू मेमरीत. वर कोपऱ्यात "सेव्ह"चं वेगळं बटण असतं, ते दाबलं नाही तर पहिल्याच झटक्यात क्वेरिअर गायब. कमांडवाल्या स्विचवर रनिंग कॉन्फिग स्टार्टअपमध्ये कॉपी करा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर रिसॉर्टलाच ठेवा. विजेने स्विच जळाला तर ती कामाला येते.

सेव्ह झालेलं असूनही लाईट आल्यावर एखादा टीव्ही दोन मिनिटं उशिरा लागत असेल, तर स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचं वर्तुळ होऊ न देणारी स्विचची सोय) बघा. जुन्या पद्धतीत पोर्ट उघडायला १५ आणि १५ मिळून ३० सेकंद लागतात. पटकन जागा होणारा टीव्ही त्या अवधीतच आपला रिपोर्ट पाठवून मोकळा होतो आणि तो वाया जातो. पुढची क्वेरी येईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त १२५ सेकंद, तो तसाच बसतो. टीव्हीचे पोर्ट एज किंवा पोर्टफास्ट करा, म्हणजे ते लगेच उघडतात.

त्याने अजून एक फायदा होतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने बाहेरच्या डब्यांमधल्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि पोर्ट दिवसभर चालू-बंद होत राहतो. साध्या पोर्टवर अशा प्रत्येक उघडझापीला स्पॅनिंग ट्री "रचना बदलली" अशी दवंडी पिटते आणि काही स्विच सावधगिरी म्हणून थोडा वेळ सगळं मल्टिकास्ट सगळीकडे सोडतात. एका कॉटेजची पिन खराब, आणि चित्र फुटतं भलत्याच खोलीत. स्विचच्या लॉगमध्ये टोपोलॉजी बदलाचा आकडा वाढताना दिसला तर कोणत्या पोर्टमुळे वाढतोय ते शोधा आणि कनेक्टर कापून नवा लावा. साफ करून भागत नाही.

एकाच खोलीत अधूनमधून चित्र जातं, ही तिसरी तऱ्हा. मोठ्या कॉटेजमध्ये दोन टीव्ही असतात आणि टीव्हीमागे पाच पोर्टचा साधा स्विच टाकलेला असतो. कोअरकडून आलेल्या पोर्टवर "फास्ट लीव्ह" चालू असेल, तर एकाने चॅनेल बदलताच त्या पोर्टवरची स्ट्रीम तत्काळ तोडली जाते, दुसरा तोच चॅनेल बघत असला तरी. मुलं आतल्या खोलीत कार्टूनवर जातात आणि बाहेर आजोबांची मॅच जाते. फास्ट लीव्ह फक्त एका पोर्टवर एकच बॉक्स असेल तिथे ठेवा. बंद केल्यावर स्विच आधी विचारतो आणि साधारण दोन सेकंदांनी तोडतो. त्या दोन सेकंदांनी काही बिघडत नाही.

ग्रुपचे पत्ते निवडताना २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x टाळा. मल्टिकास्टचा आयपी पत्ता मॅक पत्त्यात (स्विच ज्यावर पाकिटं ओळखतो त्या पत्त्यात) बदलताना शेवटचे २३ बिटच घेतले जातात, त्यामुळे ३२ आयपी पत्त्यांचा एकच मॅक होतो. हे दोन पट्टे २२४.०.०.x च्या मॅकवर जाऊन बसतात आणि तो पट्टा स्विच सहसा सगळीकडे सोडतात. स्नूपिंग चालू असून फक्त काही चॅनेल सगळीकडे का वाहतात, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं. २३९.१०.१०.१ पासून पुढे क्रमाने द्या.

मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, ही तक्रारही याच यादीत घुसवली जाते. ती वेगळी आहे. फोन टीव्ही शोधतो तो एमडीएनएसने, २२४.०.०.२५१ वर, आणि २२४.०.०.x चा पट्टा राउटर कधीच पुढे नेत नाही. पीआयएम कितीही लावा, उपयोग शून्य. वायफाय कंट्रोलरमध्ये एमडीएनएस गेटवे असेल तर तो चालू करा, नाहीतर दोन्ही व्हीलॅनमध्ये पाय ठेवून असलेल्या लहानशा लिनक्स मशिनवर अवाही या एमडीएनएसच्या सॉफ्टवेअरचा रिफ्लेक्टर चालवा. शोध लागल्यावरची जोडणी साधी युनिकास्ट (एकाकडून एकाकडे) असते, ती फायरवॉलमधून जाऊ द्या. आणि टीव्हीच्या स्ट्रीम वायफायवरून द्यायच्या असतील तर ॲक्सेस पॉइंटवर मल्टिकास्टचं युनिकास्टमध्ये रूपांतर चालू असायलाच हवं. नाहीतर मल्टिकास्ट सगळ्यात कमी वेगाने जातं आणि जांभ्याच्या भिंतीपलीकडे त्याचे तुकडेच पोचतात.

काम झालं म्हणून निघण्याआधी मेन स्विच पाडा. पाहुणे जेवायला गेले असतील ती वेळ साधा. यूपीएसवरचा कोअरही बंद करा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. लाईट परत द्या, दोन-तीन खोल्यांत टीव्ही लावून रिमोट खिशात घाला आणि दहा मिनिटं थांबा. एवढ्या वेळात २६० सेकंदांची मुदत दोनदा उलटून जाते. तोवर कोअरवर क्वेरिअरचा पत्ता बरोबर दिसतोय का ते बघा, आणि तो पत्ता, टीव्हीच्या व्हीलॅनचा नंबर आणि आरपी असेल तर तोही, एका कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.